नाट्यखेळ वर्गात घेताना शिकणं नक्की कुठे होतं?

चौथीची_बाई:
नमस्कार मंडळी. मी प्राथमिकला शिकवते, आठ ते दहा वर्षांची मुलं, भाषा गणित परिसर सगळं माझ्याकडेच. नाट्यखेळांबद्दल बरेच दिवस वाचतेय, व्हिडिओ बघतेय आणि वर्गात थोडंथोडं घेतेयही, म्हणजे आरसा-आरसा, स्टॅच्यू, टाळी पुढे पाठवायची वगैरे. मुलं जाम खूष असतात, 'बाई आज खेळ घ्या ना' चालूच असतं, वर्ग मोकळा होतो हेही मान्य. पण खेळ संपला की 'चला आता पुस्तकं काढा' म्हणायचं आणि धडा सुरू, मग खेळाचा आणि धड्याचा एकमेकांशी संबंध काय राहिला? दुसरं टोक म्हणजे धड्याचे संवाद पाडायचे, त्याच त्या पाच हुशार मुलांनी पाठ करून म्हणायचे आणि बाकीच्यांनी बघत बसायचं (म्हणजे चुळबुळ करायची). तर खेळातूनच विषय शिकवता येतो का, येत असेल तर कसा ते सांगा प्लीज. वर्ग लहान आहे, बाकं जड, मुलं चाळीसच्या आसपास आणि शेजारच्या वर्गाला आवाजाचा त्रास, हे धरून सांगा, आदर्श परिस्थितीतलं नको. आणि जी मुलं तोंडच उघडत नाहीत त्यांचं काय करायचं?

रंगपेटी:
ताई, एकदम मुद्द्याचं विचारलंत. मी मुलांची नाट्यशिबिरं घेतो आणि शाळांमधून शिक्षकांबरोबरही काम करतो, त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

कुठलाही खेळ घेण्याआधी मी एकच प्रश्न विचारतो, विषय अजिबात न कळता हा खेळ खेळता येतोय का? येत असेल तर तो वॉर्मअप आहे. वॉर्मअप वाईट नाही, लक्ष एकवटायला उपयोगीच आहे, फक्त त्यातून धडा शिकवून होईल ही अपेक्षा ठेवू नका. विषयाचा विचार केल्याशिवाय खेळ पुढेच सरकत नसेल तर मग तो शिकवण्याचा खेळ. आणि गंमत म्हणजे बऱ्याचदा खेळ तोच राहतो, नियम एखादाच बदलावा लागतो.

तुमचा आरसाच घ्या. दोघं समोरासमोर, एक हलतो, दुसरा त्याचं प्रतिबिंब. आता दोघांच्या मधे खडूने एक रेघ मारा आणि सांगा की हा आरसा, आरशापासून जेवढा लांब खरा माणूस तेवढंच लांब प्रतिबिंब. एक जण एक पाऊल मागे गेला की दुसऱ्यालाही एक पाऊल मागे जावंच लागतं. त्याने उजवा हात वर केला तर समोरच्याचा कुठला? लगेच वाद होतात, होऊ द्या. मग एका जोडीला रेघेला तिरकं उभं करा, मजा बघा. झाली की सममिती शिकवून, आणि आकृती अजून फळ्यावर आलेलीसुद्धा नाहीये.

ही खेळाकडे बघायची रीत माझी नाही बरं का. व्हायोला स्पोलिन म्हणून शिकागोच्या बाई होत्या, नेव्हा बॉइड यांच्याकडे त्या खेळांचं शास्त्र शिकल्या आणि पुढे स्थलांतरित कुटुंबांतल्या मुलांबरोबर काम करता करता त्यांनी हे थिएटर गेम्स बसवले, १९६३ साली त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं असं की खेळाडूसमोर सोडवायला एक नेमका प्रश्न ठेवायचा आणि सगळं लक्ष त्या प्रश्नावर. 'छान अभिनय कर' असं म्हटलं की मूल अवघडतं. 'रेघेपासून अंतर सारखं ठेव' म्हटलं की ते कामाला लागतं, आपल्याकडे कोण बघतंय हे विसरूनच जातं. आणि खेळ चालू असताना शिक्षकाने कडेने बोलत राहायचं, 'रेघ बघ', 'हळू', 'पाय पण बघ', याला त्या साइडकोचिंग म्हणायच्या. खेळ थांबवून भाषण नाही.

परिसरात स्थायू-द्रव-वायू असेल ना? जमिनीवर चौकोन आखा आणि आठ-दहा मुलांना त्यात कण करून उभं करा. बाकी सगळी बाकावरच, ती झाली आच. ती बाकावर बोटं वाजवतात, हळू म्हणजे थंड, भराभर म्हणजे गरम. स्थायूत कण चिकटून रांगेत, जागेवरच थरथरायचं पण जागा सोडायची नाही. (एकदम पुतळा होऊ देऊ नका, स्थायूतले कणही हलत असतात.) बोटं जोरात वाजली की द्रव, एकमेकांना घासत सरकायचं, जागा बदलायची पण घोळका सोडायचा नाही. अजून जोरात झालं की वायू, चौकोनाबाहेर सरळ निघायचं आणि भिंत नाहीतर दुसरा कण आडवा आला की वळायचं. आता इथे एक होतंच, गरम झालं की काही मुलं हातपाय पसरून 'फुगतात'. तिथल्या तिथे स्टॅच्यू करा आणि विचारा, कण मोठा झाला की दोघांमधली जागा मोठी झाली? हा प्रश्न पुस्तकातलं चित्र बघताना कुणाला पडत नाही, इथे पडतो कारण मूल स्वतःच कण आहे. एखादं चौकस पोर विचारेल की मग बर्फ पाण्यावर कसा तरंगतो. त्याला शाबासकी द्या आणि सांगा की पाणी अपवाद आहे, बर्फात कणांमधली जागा जास्त असते.

शंकेखोर:
वाचायला छानच आहे हो सगळं. मी पालक आहे आणि थोडं विरोधात बोलणार आहे, राग मानू नका. हे सगळं करायला जो वेळ जातो त्यात पोर्शन कधी संपवायचा? मुलं खूष होतात म्हणून ती शिकली असं कसं धरायचं, खूष तर ती सुट्टीतही असतात. नाटकाने सर्वांगीण विकास होतो, आत्मविश्वास वाढतो, सर्जनशीलता फुलते, असली वाक्यं प्रत्येक शिबिराच्या जाहिरातीत असतात. याला काही आधार आहे का कुणाकडे?

अक्षरवेल:
@शंकेखोर प्रश्न रास्त आहे, आणि आधार आहे, फक्त जाहिरातींमधे सांगतात तेवढा नाही.

ग्लेन शेलेनबर्ग यांचा २००४ चा प्रयोग बघा. सहा वर्षांची १४४ मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी चार गटांत वाटलेली, दोन गटांना संगीत (एकाला कीबोर्ड, एकाला गाणं), एकाला नाटक आणि एकाला यातलं काहीच नाही. शाळेचं एक वर्ष झाल्यावर मोजलं तर बुद्ध्यंकात संगीतवाले थोडे पुढे गेलेले आणि नाटकवाल्यांचा बुद्ध्यंक काही वेगळा वाढला नव्हता. पण इतरांशी जुळवून घेणं, सामाजिक वागणूक, हे फक्त नाटकाच्या गटात सुधारलेलं दिसलं. म्हणजे नाटकाने मूल जास्त 'हुशार' होईल असं कुणी म्हटलं तर तुम्ही हसा खुशाल. भाषेच्या बाबतीत मात्र बाजू बरीच भक्कम आहे. ॲन पॉडलोझ्नी यांनी २००० साली ८० अभ्यास एकत्र तपासले, त्यात गोष्ट करून बघितलेल्या मुलांना ती गोष्ट जास्त समजलेली आणि लक्षात राहिलेली दिसली, आणि नवीन, न केलेल्या मजकुरालाही त्याचा काही फायदा झाला. तेव्हा निदान भाषेच्या तासाला तरी वेळ वाया जात नाही एवढं ठामपणे म्हणता येतं.

मी भाषाच शिकवते, त्यामुळे ताईंसाठी दोन गोष्टी.

एक म्हणजे हॉट सीट. गोष्टीतलं पात्र खुर्चीत बसतं आणि वर्ग प्रश्न विचारतो. ऐकायला सोपं आहे पण नुसतं घेतलं तर 'तुला काय खायला आवडतं' च्या पुढे गाडी जात नाही. म्हणून पहिल्यांदा खुर्चीत मीच बसते, आणि ज्याचं उत्तर नुसतं हो किंवा नाही येतं तो प्रश्न बाद. प्रश्न आधी बाकावरच दोघांनी मिळून लिहायचे. उत्तर आलं की ऐकणाऱ्यांनी हाताने दाखवायचं, धड्यात तसं लिहिलेलं असेल तर मूठ, पात्राने अंदाजाने सांगितलं असेल तर उघडा पंजा. मूठ दाखवणाऱ्याला मी विचारते, कुठल्या ओळीत आहे? मग सगळा वर्ग पुस्तकात घुसतो. आकलनाचे प्रश्न सोडवायला दिले की जी मुलं पानं चाळत बसतात तीच इथे ओळ शोधायला भांडतात. आणि पंजाच्या उत्तरांवर पुढची चर्चा, हा अंदाज धड्याला धरून आहे का, हा माणूस असं म्हणेल का. लिहिलेलं काय आणि ओळींच्या मधलं काय हा फरक या वयाला शिकवणं खरंच अवघड असतं, तो असा आपोआप हाताशी येतो.

दुसरं, तुमची बाकांची अडचण इथे सोयीची आहे. पात्र कठीण निर्णयापाशी आलं की गोष्ट थांबवायची, शेवट वाचायचाच नाही. दोन रांगांच्या मधल्या वाटेने एक मूल ते पात्र होऊन हळूहळू चालत जातं, डावीकडच्या बाकांवरची मुलं 'कर' ची कारणं कुजबुजतात, उजवीकडची 'नको कर' ची. कुजबुजायचंच, त्यामुळे शेजारच्या बाई भांडायला येत नाहीत. वाट संपली की पात्राने ठरवायचं आणि कुठल्या कारणाने ठरवलं ते सांगायचं. मग सगळ्यांनी पाच ओळी लिहायच्या. 'मला सुचत नाही' हे वाक्य त्या दिवशी जवळजवळ ऐकूच येत नाही कारण कारणं नुकतीच कानावर पडलेली असतात.

गणितवेडा:
गणिताला पण चालतं बरं का हे, लोक उगाच म्हणतात नाटक म्हणजे भाषेचा तास. माझी मुलं थोडी मोठी आहेत, ऋण संख्या शिकवताना मी जमिनीवर संख्यारेषा आखतो. मधे शून्य, उजवीकडे धन. नियम दोनच, बेरीज असेल तर तोंड उजवीकडे, वजाबाकी असेल तर तोंड डावीकडे. पुढची संख्या धन असेल तर सरळ चालायचं, ऋण असेल तर उलटं चालायचं. आता ३ वजा उणे २ करा. तीनवर उभा राहा, वजाबाकी म्हणून डावीकडे तोंड, उणे म्हणून उलटी दोन पावलं, पोचला कुठे, पाचवर! 'उणे उणे अधिक' हे मंत्रासारखं घोकण्यापेक्षा हे बरं. बाकीच्यांनी गप्प बसून बघायचं नाही, चालणाऱ्याला कुठलं गणित दिलंय ते त्यांना माहीत नसतं, त्याच्या चालण्यावरून त्यांनी वहीत लिहायचं. मूकाभिनयच झाला की नाही!

एक मात्र आहे, प्रत्येक गणिताला नाटक जोडायला जाऊ नये. आकडे बोलायला लागले, साताला नऊ खाऊन टाकतो वगैरे, यातून गणित काही कळत नाही, नुसता धुडगूस. पाढे पाठ करायचे तर पाठच करावेत.

चौथीची_बाई:
वा, खूप काही मिळालं, सगळ्यांचे आभार. @अक्षरवेल मुठीचं आणि पंजाचं उद्याच करून बघते. @रंगपेटी 'शिक्षक भूमिकेत' असंही कुठेतरी वाचलं होतं, म्हणजे खेळात बाईंनी स्वतःच एखादं पात्र व्हायचं, ते मला जरा अवघडच वाटतं, मुलं हसतात ना आपल्याला. आणि न बोलणाऱ्या मुलांचं अजून कुणी सांगितलं नाही. माझ्याकडे एक मुलगी आहे, खेळ सुरू झाला की थेट बाकाखालीच जाते.

रंगपेटी:
हसू देत की, दोन मिनिटांत हसणं संपतं, फक्त आपण हसायचं नाही. ओळखीची खूण ठेवा, एखादी ओढणी किंवा चष्मा. ओढणी घेतली की मी ती दुसरी व्यक्ती, काढून ठेवली की तुमच्या बाई. लहान मुलांना ही खूण लागतेच. आवाज बदलणं, वेषभूषा, काही गरज नाही.

मुख्य गोष्ट म्हणजे भूमिका राजाची, सेनापतीची घेऊ नका, कारण शिक्षक तसाही वर्गाचा राजा असतो, त्यात नवीन काय. ज्याला मदत हवीय अशा माणसाची घ्या. इंग्लंडमधे डोरोथी हीथकोट होत्या (१९२६ ते २०११), चौदाव्या वर्षी शाळा सोडून लोकरीच्या गिरणीत कामाला लागलेल्या आणि पुढे विद्यापीठात शिक्षकांना शिकवणाऱ्या, त्यांनी हे सगळं फार खोलात नेलं. मुलांनी एखाद्या कामाचे जाणकार व्हायचं आणि त्यांच्याकडे काम घेऊन कुणीतरी यायचं अशी त्यांची पद्धत होती. समजा तुमचा वर्ग म्हणजे पूल तपासणारी कंपनी. तुम्ही ओढणी घेऊन येता, 'आमच्या गावचा पूल हलतोय, मला त्यातलं काही कळत नाही, तुम्ही काय काय बघाल?' आता मापं घ्यावी लागतात, यादी करावी लागते, अहवाल लिहावा लागतो, गावाला पत्र लिहावं लागतं. म्हणजे मोजमाप आणि पत्रलेखन दोन्ही, आणि ते का करायचं हे सांगावंच लागत नाही. @शंकेखोर पोर्शन असा पण संपतो, दोन विषयांचा एकदम. रोज नाही जमणार हे कबूल, आठवड्यातून एक तास धरा.

मागच्या_बाकावरून:
न बोलणाऱ्या मुलांबद्दल मी लिहिते. मी विशेष शिक्षिका आहे.

बाकाखाली जाणाऱ्या मुलीला ओढून बाहेर काढू नका, आणि 'बोल ना गं, लाजतेस काय' हे सगळ्यांसमोर तर अजिबातच नको. आधी शोधा कशाने जाते. कितीतरी मुलांना लोकांसमोर बोलायची भीती नसते, गोंगाट सहन होत नसतो, अचानक टाळ्या, धक्काबुक्की, कोण कधी अंगावर येईल याचा भरवसा नसणं. तिला खेळाच्या आधी पायऱ्या सांगून ठेवा, आधी हे होईल मग ते, आणि अशी खूण केली की सगळे थांबतील. तो थांबायचा इशारा आधी वेगळा घोटून घ्या, खेळ नंतर. हा इशारा पक्का नसेल तर कुठलाच नाट्यखेळ घेऊ नये असं माझं मत आहे.

'पास' म्हणायचा हक्क सगळ्यांना ठेवा. पण पास म्हणजे बाहेर बसणं नव्हे, न बोलता करायची खरी कामं असतात. रंगपेटींच्या खेळात बोटं वाजवणारी आच हे कामच आहे. कुणी दिवा चालू-बंद करेल, कुणी कण मोजेल. मूर्तिकाराचा खेळ तर अशा मुलांचाच, एकाने दुसऱ्याला हळूच हात लावून किंवा हात न लावता खुणेने 'घडवायचं', दोघांनी बोलायचं नाही. बोटातली बाहुली दिली तर कधीच न बोलणारं मूल बाहुलीमार्फत बोलतं हे मी खूपदा पाहिलंय, मात्र तेव्हा 'अरे वा, बोलली बोलली!' करून टाळ्या पिटू नका, बाहुलीशीच बोला.

अजून एक, भूमिका वाटताना सांभाळा. ज्याला वर्गात खरोखर चिडवतात त्याला चिडवल्या जाणाऱ्याची भूमिका कधीच नाही, चिडवणाऱ्याचीही शक्यतो नको. भांडण, दादागिरी अशा विषयांवर ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगुस्तो बोआल यांचं फोरम थिएटर बरेच जण वापरतात, प्रसंग चुकीच्या शेवटापर्यंत करून दाखवायचा, मग पुन्हा सुरू करायचा आणि बघणाऱ्याने 'थांबा' म्हणून आत येऊन वेगळं काही करून बघायचं. त्यात मूळ पद्धत अशी की ज्याच्यावर अन्याय होतोय त्याच्या जागी यायचं, अन्याय करणाऱ्याच्या जागी नाही, कारण तो जादूने चांगला झाला की प्रश्नच संपला, शिकण्यासारखं काही उरत नाही. आणि खरे छळाचे प्रसंग, इतिहासातले असोत की आजचे, मुलांकडून करवून घेऊ नका. त्या काळच्या कुणाला पत्र लिहा, साक्षीदाराची मुलाखत घ्या, पुरे.

शेवटी भूमिकेतून बाहेर काढायला विसरू नका. खलनायक झालेल्या मुलाने उभं राहून स्वतःचं नाव सांगायचं, हात झटकायचे, जागेवर जायचं. नाहीतर मधल्या सुट्टीत त्याला त्याच नावाने हाका सुरू होतात.

शंकेखोर:
बरं, आकडे मान्य, विशेषतः नाटकाने बुद्ध्यंक वाढत नाही हे नाटकवाल्यांच्याच बाजूने कुणीतरी सांगितलं त्याबद्दल अक्षरवेल यांचे आभार 😄 माझी एक शंका अजून आहेच. खेळात कोण शिकलं आणि कोण नुसतंच घोळक्याबरोबर हललं हे कसं कळणार? कणांच्या खेळात शेजारच्याचं बघून थरथरता येतंच की.

अक्षरवेल:
येतंच. म्हणून खेळाच्या शेवटी चिठ्ठी घ्यायची. एकच प्रश्न, खेळात न झालेला. कण खेळलात ना, मग 'डबा थंड केला तर आतल्या वायूच्या कणांचं काय होईल, चित्र काढ.' दोन मिनिटं, नाव लिहून द्यायचं. ज्याने बघून थरथरलं त्याची चिठ्ठी लगेच ओळखू येते, कण बारीक काढलेले असतात. दुसऱ्या दिवशी त्याला कणांमधे घ्या.

चौथीची_बाई:
हे भारी आहे. अजून एक शेवटचं विचारते, चंद्राच्या कला पुढच्या आठवड्यात आहेत. मुलांना गोल फिरवून दाखवायचा विचार आहे, एक सूर्य, एक पृथ्वी, एक चंद्र. की त्यात काही गडबड होईल?

गणितवेडा:
तीन मुलांचं घेतलंत तर ते एकाच गोष्टीसाठी चांगलं आहे, चंद्राची एकच बाजू आपल्याला का दिसते. चंद्र झालेल्या मुलाला सांगा, पृथ्वीकडे तोंड ठेवून तिच्याभोवती फेरी मार. मग बाकीच्यांना विचारा, तो स्वतःभोवती फिरला का? निम्मी मुलं नाही म्हणतील. मग त्याला परत फिरवा आणि प्रत्येक भिंतीसमोर आल्यावर 'आता कुठली भिंत दिसतेय' ते ओरडून सांगायला लावा. चारही भिंती दिसल्या म्हणजे स्वतःभोवती पण एकदा फिरलाच.

कलांसाठी मात्र प्रत्येकाच्या हातात चेंडू हवा. खोलीत अंधार करा, एकच दिवा, टॉर्च नको, तो एकाच दिशेला पडतो, उघडा बल्ब घ्या. प्रत्येक मुलाचं डोकं म्हणजे पृथ्वी आणि हात लांब करून धरलेला पांढरा चेंडू म्हणजे चंद्र. दिव्याकडे तोंड केलं की अमावास्या, मग जागच्या जागी डावीकडे वळत जायचं, उजवी कड उजळायला लागते, दिवा उजव्या खांद्याशी आला की अर्धा चंद्र, पाठीशी आला की पौर्णिमा. चेंडू डोक्याच्या जरा वर धरायला सांगा, नाहीतर पौर्णिमेला त्यांच्याच डोक्याची सावली त्यावर पडेल. एखाद्याची पडू द्या मुद्दाम, चंद्रग्रहणही त्याच तासात उरकेल. चाळीस जणांना एकदम नाही जमणार, दहा-दहाचे गट करा, बाकीच्यांना वहीत आठ गोल काढून ठेवायला सांगा आणि आपली पाळी आली की दिसेल तसे रंगवायचे.